परदेशातील नर्सिंग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून नर्सिंगचे विद्यार्थी, नोकरीत असलेल्या सिस्टर व ब्रदर, त्यांचे पालक आणि अलीकडे इंजिनिअरिंग झालेले तरुणही जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरांत जर्मनीचा उल्लेख अधिक आढळेल, कारण सध्या बहुतेक प्रश्न त्याच देशाविषयी येतात. व्हिसा आणि नोंदणीचे नियम बदलत असतात. त्यामुळे अर्ज करतेवेळी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर जी अट असेल, तीच अंतिम मानावी.

१. कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. मी चार वर्षे शिकून बाहेर पडेपर्यंत नर्सचे काम यंत्रच करू लागले तर काय?

तसे होण्याची शक्यता फार कमी आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लाखांची कमतरता होती. २०३० पर्यंत ही कमतरता ४१ लाखांवर येईल, पण संपणार नाही, असे तो अहवाल सांगतो. जर्मनीच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०४९ पर्यंत त्या एका देशात २ लाख ८० हजार ते ६ लाख ९० हजार परिचर्या कर्मचारी कमी पडतील. ही टंचाई लोकसंख्या वृद्ध होत चालल्यामुळे आहे, आणि ज्याला कुशीवर वळवावे लागते त्या माणसाचे वय कोणत्याही सॉफ्टवेअरने कमी होत नाही.

भाकितांविषयी एक आठवण करून द्यावीशी वाटते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील अग्रणी शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) घडवणे आता थांबवावे, असे म्हटले होते. रेडिओलॉजिस्टचे काम तर बहुतांशी पडद्यावरच्या प्रतिमांचे, म्हणजे यंत्राला सर्वांत सोयीचे. तरीही रेडिओलॉजिस्टची मागणी आजही टिकून आहे. नर्सचे काम प्रत्यक्ष शरीराशी आहे. मात्र कामाचे स्वरूप बदलते आहे, हे निश्चित; त्यासाठी प्रश्न २ पहावा.

२. मग वॉर्डात नेमके काय बदलत आहे?

सर्वांत आधी लिखापढी बदलत आहे. नर्सने रुग्णाजवळ उभे राहून बोललेले ऐकून यंत्र नोंदीचा मसुदा तयार करते, जखमेच्या छायाचित्रावरून तिची लांबी-रुंदी मोजते, कोणत्या पाळीला किती कर्मचारी लागतील याचा अंदाज देते. पलंगाजवळचे सेन्सर रात्री उठू पाहणाऱ्या वृद्ध रुग्णाची सूचना नर्सच्या फोनवर पाठवतात. नाडी, श्वसन, रक्तदाब यांवरून प्रकृती बिघडण्याचा पूर्वइशारा देणाऱ्या प्रणाली अनेक मोठ्या रुग्णालयांत आहेत.

सही मात्र नर्सचीच राहते. यंत्राने मसुद्यात 'रुग्णाने दुपारचे जेवण घेतले' असे लिहिले आणि प्रत्यक्षात ताट तसेच परत गेले असेल, तर ते वाक्य दुरुस्त करणे तुमचे काम आहे. रुग्ण मधुमेही असेल आणि इन्सुलिन जेवण गृहीत धरून दिले गेले असेल, तर या एका वाक्यावर त्याची रात्र अवलंबून असते. ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याचे दायित्व टप्प्याटप्प्याने लागू होत असून, उच्च जोखमीच्या प्रणालींवर माणसाची देखरेख असावी, ही त्यातील एक मुख्य अट आहे. त्या देखरेखीसाठी रुग्णालयाला जो माणूस लागतो, तो बहुधा नर्सच असतो.

३. यंत्राचा इशारा आणि माझे निरीक्षण जुळले नाही, तर कोणाचे खरे धरायचे?

आधी रुग्णाकडे पहावे, मग पडद्याकडे, आणि दोन्ही वरिष्ठांना कळवावे. हा केवळ जुन्या सिस्टरांचा हट्ट नाही. अमेरिकेतील शेकडो रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या, सेप्सिस (संसर्गामुळे येणारी जीवघेणी अवस्था) ओळखणाऱ्या एका प्रणालीची मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २७,६९७ रुग्णांवर पडताळणी केली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण त्या प्रणालीने ओळखलेच नव्हते. दुसरीकडे, दाखल झालेल्यांपैकी १८ टक्के वेळा तिने इशारा वाजवला होता. थोडक्यात, वाजायचे तेव्हा ती गप्प राहिली आणि नको तेव्हा वाजली.

दुसरे उदाहरण रोजच्या वापरातले आहे. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर ऑक्सिजनचे प्रमाण प्रत्यक्षाहून जास्त दाखवू शकतो. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्राला न दिसलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा आढळली. आता हेच आकडे जिथे एखाद्या पूर्वइशारा प्रणालीत जातात, तिथे चूक एक पायरी वर चढते आणि अधिक विश्वासार्ह भासू लागते. पडद्यावर ऑक्सिजन ९४ टक्के दिसत आहे, पण रुग्ण मिनिटाला तीस श्वास घेतो आहे, नाकपुड्या फुलत आहेत, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठांचा रंग बदललेला आहे, अशा वेळी आकड्यावर विसंबून पुढच्या पलंगाकडे जाणे ही गंभीर चूक ठरते. अशा वेळी श्वसनाचा दर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावा, डॉक्टरांना बोलवावे, धमनीतील रक्ताच्या तपासणीविषयी विचारावे आणि 'यंत्राचे वाचन इतके, निरीक्षण असे' या शब्दांत दोन्ही नोंदी वेळेसह लिहाव्यात. परदेशातील मुलाखतीत असा प्रसंग देऊन तुम्ही काय कराल हे विचारले जाते, आणि आपल्याकडच्या गर्दीच्या वॉर्डात काम केलेली मुले त्याचे उत्तर सहसा चांगले देतात. अडचण ते उत्तर त्या भाषेत देण्याची असते (प्रश्न ७).

४. माझे बी.ई. कॉम्प्युटर झाले आहे. पुण्यात नोकरी मिळेना, सगळे एआयवर खापर फोडत आहेत. आता नर्सिंगकडे वळता येईल का?

येईल, पण कोणत्या दाराने, हे आधी समजून घ्यावे. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्यांना ते दार बंद आहे. तीन वर्षांच्या जीएनएमला (नर्सिंगची पदविका) मात्र बारावीची कोणतीही शाखा चालते, एकूण तसेच इंग्रजीत ४० टक्के गुण लागतात आणि कमाल वय ३५ आहे. तिसरा मार्ग म्हणजे जर्मनीतील तीन वर्षांचे परिचर्या प्रशिक्षण, ज्याला तिथे औसबिल्डुंग म्हणतात. त्याला शाखेची अट नाही, प्रशिक्षणकाळात महिन्याला (२०२४ च्या दरांनुसार) साधारण १,३०० ते १,५०० युरो विद्यावेतन कपातीपूर्वी मिळते, आणि शेवटी मिळणारी पात्रता जर्मनच असल्याने प्रश्न ९ मधील मान्यतेची कटकट राहत नाही. जर्मन भाषा मात्र आधी येथूनच शिकून जावी लागते.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, केवळ नोकरीच्या भीतीने या व्यवसायात येऊ नये. निर्णयापूर्वी एखाद्या ओळखीच्या रुग्णालयात परवानगी घेऊन काही रात्रपाळ्या नुसत्या पहाव्यात. ओकारी, लघवीची पिशवी, मृत रुग्णाचे शरीर गुंडाळणे आणि त्यानंतर दहा मिनिटांत पुढच्या रुग्णाला हसून औषध देणे, हे सारे पाहूनही इच्छा टिकली, तर संगणकाचे शिक्षण वाया जाणार नाही. रुग्णालयात नवी प्रणाली बसवताना तिची भाषा आणि वॉर्डाची भाषा दोन्ही समजणारी माणसे फार थोडी असतात.

५. एएनएम (सहायक परिचारिका), जीएनएम आणि बी.एस्सी. यांपैकी परदेशासाठी काय चालते?

जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही चालतात. बी.एस्सी.मुळे पुढे पदव्युत्तर शिक्षण व वरच्या पदांची वाट सुकर होते, पण जीएनएम झाल्यामुळे परदेश बंद होतो, हा समज चुकीचा आहे. एएनएम ही पूर्ण नर्सची पात्रता म्हणून सहसा धरली जात नाही. एएनएम झालेल्यांनी पुढे जीएनएम करावे किंवा प्रश्न ४ मधील औसबिल्डुंगचा विचार करावा. कोणतीही पदवी असली, तरी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची चालू नोंदणी आवश्यक आहे. नूतनीकरण राहून गेलेले असेल, तर ते आजच करून घ्यावे.

६. आखात, इंग्लंड, अमेरिका की जर्मनी? एकच नाव सांगा.

एकच नाव सांगणे योग्य होणार नाही, कारण प्रत्येक देश तुमच्याकडून वेगळी गोष्ट मागतो. आखाती देशांत कागदपत्रांची डेटाफ्लो या पडताळणी कंपनीमार्फत तपासणी आणि संगणकावरील परवाना परीक्षा असते, नवी भाषा लागत नाही, करमुक्त पगार लवकर हाती येतो; पण कायमचे स्थायिक होण्याची वाट जवळपास नाही. येथे एक नियम अनेकांना माहीत नसतो. ज्या १८ देशांसाठी भारत सरकारची एमिग्रेशन परवानगी (कामासाठी देशाबाहेर जाण्याची मंजुरी) लागते, त्यांत जाणाऱ्या नर्सना २०१५ पासून ही परवानगी बंधनकारक आहे. पासपोर्ट कोणत्या प्रकारचा आहे याने फरक पडत नाही.

इंग्लंडमध्ये नर्सिंग व मिडवाइफरी कौन्सिलची नोंदणी लागते. त्यासाठी संगणकावरील परीक्षा, तेथे गेल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा आणि इंग्रजीच्या दोन परीक्षांपैकी एक, म्हणजे आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण व संभाषण यांत ७, लेखनात ६.५, किंवा आरोग्यसेवकांसाठीच्या ओईटीमध्ये तीन भागांत बी व लेखनात सी-प्लस अशी अट आहे. नर्सचा मार्ग खुला आहे. मात्र केअर वर्करची परदेशातून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. तरीही 'केअरर व्हिसा' विकणारे भेटतात, त्यांच्यापासून दूर रहावे. अमेरिकेत पगार सर्वाधिक आहे, परंतु भारतीयांच्या ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की, आज दहा वर्षांहून जुन्या अर्जांचा क्रम लागतो आहे. अमेरिकेची एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा देऊन ठेवायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर घराचे गणित मांडू नये.

जर्मनीचे गणित असे की, पैशांपेक्षा वेळ आणि भाषा जास्त लागते. मराठी माध्यमातून आलेल्यांना आयईएलटीएसमध्ये इंग्रजी माध्यमातील मुलांशी तुलना सहन करावी लागते. जर्मन भाषेत मात्र लातूरचा आणि मुंबईचा, दोघेही पहिल्या धड्यापासूनच सुरुवात करतात, ही जमेची बाजू फारशी कोणी बोलून दाखवत नाही. महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला असून त्यात परिचर्येचा समावेश आहे. मात्र या करारामुळे भाषेची किंवा मान्यतेची अट कोणालाही माफ झालेली नाही.

७. फोनमधले ॲप क्षणात भाषांतर करते. मग बी-२ (स्वतंत्रपणे संवाद साधता येण्याची भाषापातळी) पर्यंत जर्मन शिकण्याची सक्ती कशासाठी?

कारण वॉर्डात संवाद दोन माणसांचा नसतो. पाळी बदलताना सहकारी दहा-बारा रुग्णांची माहिती पंधरा मिनिटांत तोंडी सांगतो, मध्येच फोन वाजतो, डॉक्टर चालता चालता औषधाची मात्रा बदलतात. स्मृतिभ्रंश झालेली आजी तिच्या बोलीभाषेत कुजबुजते, आणि ती ॲपसमोर पुन्हा स्पष्ट बोलेल अशी अपेक्षा करता येत नाही. रुग्णाची माहिती खासगी ॲपमध्ये टाकणे हा गोपनीयतेचा भंगही ठरू शकतो. भाषांतर चुकले आणि 'देऊ नका' चे 'द्या' झाले, तर जबाबदारी ॲपवर ढकलता येत नाही.

यंत्रांमुळे भाषेचे महत्त्व कमी न होता वाढले आहे, असे आम्हाला वाटते. पूर्वी नर्सला नोंद लिहिता आली की भागत असे. आता यंत्राने लिहिलेली नोंद वाचून तिच्यातली बारीक चूक पकडावी लागते, आणि चूक पकडायला लिहिण्याहून चांगली भाषा लागते.

पहिल्या पायरीपासून बी-२ पर्यंत साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात. नोकरी सांभाळून करणाऱ्यांनी दीड-दोन वर्षे धरावीत. गोएथे या जर्मन भाषासंस्थेच्या बी-२ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन व संभाषण असे चार भाग असतात आणि प्रत्येक भागात ६० गुण लागतात. लातूर पॅटर्नने प्रश्नसंच पाठ करून वाचन व लेखन एक वेळ निघेल, परंतु संभाषणात समोरचा परीक्षक पाठ केलेले वाक्य लगेच ओळखतो.

८. भाषा शिकण्यासाठी आणि सीव्हीसाठी एआय वापरले तर चालेल का?

भाषेच्या सरावासाठी अवश्य वापरावे. ज्या गावात जर्मन बोलणारे कोणी नाही, तेथे रोज अर्धा तास यंत्राशी मोठ्याने बोलणे हा मोठाच आधार आहे. त्याला 'तू छातीत दुखणारा रुग्ण आहेस, मी नर्स आहे' असे सांगून संवाद करावा. सीव्हीची भाषा दुरुस्त करून घेण्यातही गैर काही नाही. परंतु न केलेल्या कामाचा उल्लेख त्यात घुसला असेल, तर तो काढून टाकावा. आयसीयूत कधी काम केले नसताना व्हेंटिलेटरचा अनुभव लिहिला गेला, तर मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला ते उघड होते. व्हिडिओ मुलाखतीत पडद्यावरून उत्तरे वाचणे मात्र पूर्णपणे टाळावे.

९. जर्मनीत पोचल्याबरोबर स्टाफ नर्स म्हणून काम मिळते का?

बहुधा नाही. तेथील राज्याचा मान्यता विभाग तुमच्या अभ्यासक्रमाचे तास तेथील अभ्यासक्रमाशी ताडून पाहतो आणि काय कमी आहे याचे पत्र देतो. ती कमतरता भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे काही महिन्यांचे जुळवणी प्रशिक्षण आणि दुसरा म्हणजे ज्ञानपरीक्षा, जिच्यात तोंडी भाग असतो आणि प्रत्यक्ष परिचर्येचा भागही असतो. ते पूर्ण होईपर्यंत सहायक म्हणून काम व त्यानुसार पगार मिळतो. मान्यतेनंतर 'फ्लेगेफाखफ्राउ' किंवा 'फ्लेगेफाखमान' ही संरक्षित पदनामे वापरता येतात.

विषयवार थिअरी व प्रात्यक्षिकाचे तास दाखवणारी ट्रान्सक्रिप्ट जितकी तपशीलवार, तितकी कमतरता कमी निघते. बी.एस्सी.ची ट्रान्सक्रिप्ट नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून आणि जीएनएमची संबंधित मंडळ व शाळेमार्फत काढावी लागते. कॉलेज बंद पडण्याआधी किंवा जुने प्राचार्य निवृत्त होण्याआधी ती काढून ठेवावी, हा अनुभवाचा सल्ला आहे.

१०. मी पाच वर्षे आयसीयूत आहे. तिथे रुग्णाला अंघोळ घालावी लागते, असे मैत्रीण म्हणाली. हे खरे आहे का?

खरे आहे, आणि निघण्यापूर्वी मनाशी पक्के करून घेण्याची ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. आपल्याकडे रुग्णाची अंघोळ, केस विंचरणे, भरवणे, शौचाचे भांडे देणे ही कामे नातेवाईक, मावशी किंवा वॉर्डबॉय करतात. घाटीत (छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय) किंवा जिल्हा रुग्णालयात नर्सच्या वाट्याला सलाईन, इंजेक्शने, औषधे आणि रजिस्टरे येतात. जर्मनीत नातेवाईक भेटीच्या वेळेपुरते असतात आणि शरीराची सर्व काळजी परिचर्येचाच भाग मानली जाते. उलट शिरेत सुई घालण्यासारखे काम, जे आपल्या सिस्टर डोळे मिटून करतात, ते अनेक ठिकाणी डॉक्टरांकडे असते. त्यामुळे पहिले काही महिने 'मी शिकले काय आणि करते काय' ही भावना अनेकांना छळते.

मात्र त्या कामाकडे नीट पहावे. अंघोळ घालताना नर्स माकडहाडावरची त्वचा दाबून पाहते आणि लाली जात नसेल, तर बेडसोरची सुरुवात तिथेच पकडते; उजव्या हाताने साबण धरणारा रुग्ण आज डाव्याने का धरतो आहे हे तिला दिसते; घोट गिळताना ठसका लागतो का हे भरवताना कळते. प्रश्न ३ मध्ये ज्या निरीक्षणाविषयी लिहिले, ते अंघोळीच्या याच वीस-एक मिनिटांत घडते, आणि कोणताही सेन्सर आज एवढ्या गोष्टी एकत्र टिपत नाही. ज्या कामाला येथे कमी लेखले जाते, तेच काम यंत्राकडे जाण्याची शक्यता सर्वांत कमी आहे. एवढे समजूनही ते नकोच वाटत असेल, तर आखात किंवा इंग्लंडमधील अतिदक्षता विभागांचा विचार करावा. त्यात कमीपणा नाही.

११. हातात नेमके किती पैसे पडतात?

जर्मनीत वृद्धसेवा संस्थांमधील पात्र परिचर्या कर्मचाऱ्यांसाठी जुलै २०२५ मध्ये लागू झालेला किमान दर ताशी २०.५० युरो होता. आठवड्याला ३९ तास धरल्यास महिन्याला सुमारे ३,४६० युरो होतात. रुग्णालयांत सामूहिक वेतनकरार लागू असतात आणि पाळीभत्ते वेगळे मिळतात. कर, आरोग्यविमा, निवृत्तिविमा इत्यादी कापून एकट्या व्यक्तीच्या हाती साधारण दोन-तृतीयांश रक्कम येते, त्यातून घरभाडे जाते. एकूण पगाराला शंभराने गुणून गावात आकडा सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. मान्यता मिळेपर्यंतचा पगार याहून कमी असतो (प्रश्न ९).

१२. एजंट काही लाख रुपये मागतो आहे. वडील शेत गहाण टाकायला तयार आहेत. द्यावेत का?

देऊ नयेत. भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो आणि त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. परवाना क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. 'आमचे हेड ऑफिस दिल्लीला आहे, परवाना तिकडे आहे' हे उत्तर पुरेसे नाही. तो परवाना त्याच नावाचा व चालू असावा. जर्मनीत न्याय्य भरतीसाठी सरकारी गुणवत्ता चिन्ह आहे आणि त्याचे मूळ तत्त्वच असे की, भरतीचा खर्च नोकरी देणाऱ्याने करायचा.

भाषावर्गाची फी हा वेगळा आणि रास्त खर्च आहे. परंतु फीच्या पावतीऐवजी 'प्रोसेसिंग', 'फाइल चार्ज', 'एम्बसी चार्ज' अशा नावांनी रोख रक्कम मागितली जात असेल, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली जात असतील किंवा 'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ' असे सांगितले जात असेल, तर तेथून उठून यावे. सोयाबीनच्या भावाने आधीच पिचलेल्या घराने सावकाराकडून उचललेले पैसे फेडता फेडता परदेशातली पहिली तीन-चार वर्षे जातात. नोकरी न आवडली, तरी सोडता येत नाही, कारण गावी व्याज चालू असते. शक्यतो मालकाने खर्च उचललेला करारच निवडावा, मग तो सहा महिने उशिरा मिळाला तरी चालेल.

१३. ऑफर लेटर खरे आहे की बनावट, हे कसे ओळखावे?

लेटरहेड, शिक्का, सफाईदार भाषा आणि व्हिडिओ कॉलवरचा गोरा चेहरा, हे सर्व आता यंत्राने तयार करता येते. त्यामुळे दिसण्यावरून निर्णय घेऊ नये. पत्रातील फोन क्रमांक न वापरता रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा क्रमांक शोधून त्यावर विचारावे. मोफत ईमेल सेवेवरून आलेले पत्र संशयास्पद मानावे. विभागाचे नाव, आठवड्याचे तास, वेतनश्रेणी, परिवीक्षा काळ आणि मान्यताकाळातील पगार यांचा उल्लेख नसलेला करार अपुरा असतो. नोकरी लवकर सोडल्यास भरतीखर्च परत करण्याची अट असल्यास रक्कम व मुदत नीट वाचावी. मुलाखतीत रुग्णसेवेविषयी एकही प्रश्न न विचारता निवड झाली असेल, तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी.

१४. दहावीच्या गुणपत्रिकेवर, नर्सिंग नोंदणीवर आणि पासपोर्टवर माझे नाव वेगवेगळे आहे. अडचण येईल का?

येईल, आणि मराठवाड्यातून जाणाऱ्या अर्जांत हीच अडचण सर्वाधिक दिसते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, मग स्वतःचे, मग वडिलांचे नाव; पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते. वडिलांचे नाव ज्ञानेश्वर असेल, तर इंग्रजीत एका कागदावर ते 'डी' ने आणि दुसऱ्यावर 'जी' ने सुरू होते. लग्नानंतर आधारवर नवऱ्याचे नाव येते, परिषदेची नोंदणी माहेरच्या नावावर राहते आणि अनुभवाच्या दाखल्यावर रुग्णालयाने तिसरेच काही लिहिलेले असते. पडताळणी करणाऱ्या परदेशी संस्थेच्या दृष्टीने या तीन वेगळ्या व्यक्ती असतात, आणि अलीकडे प्राथमिक जुळणी संगणकच करत असल्याने समजून घेणारा कारकूनही समोर नसतो.

उपाय असा की, आधी एकच नाव ठरवावे. पासपोर्ट काढलेला नसेल आणि शिक्षण माहेरच्या नावाने झाले असेल, तर पासपोर्टही त्याच नावाने काढणे सर्वांत सोपे, कारण लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही. नाव बदलायचेच असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा, त्या आधारे आधार व परिषदेची नोंदणी दुरुस्त करावी आणि शेवटी पासपोर्ट करावा. हा क्रम उलटा झाला की, पुन्हा पहिल्यापासून फेरे सुरू होतात. स्पेलिंगचा किरकोळ फरक असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडावे; ते प्रत्येक ठिकाणी मान्य होईलच असे नाही.

१५. मी एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी आहे. हा अनुभव धरतात का? आणि आधीच्या खासगी रुग्णालयाने माझी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली आहेत, त्याचे काय?

कंत्राटी अनुभवही अनुभवच असतो. दाखल्यावर विभाग, खाटांची संख्या, पूर्णवेळ की अर्धवेळ, सुरुवात व शेवटची तारीख आणि प्रत्यक्ष कामाचे स्वरूप लिहून घ्यावे. 'स्टाफ नर्स म्हणून काम केले, वर्तणूक चांगली' एवढ्या दाखल्याचा उपयोग होत नाही. मूळ प्रमाणपत्रे ही तुमची मालमत्ता आहे. ती अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही. आधी लेखी मागणी करून पोच घ्यावी, दाद न मिळाल्यास वकिलाची नोटीस व पोलिसांत तक्रार हा मार्ग आहे. बहुतेक वेळा नोटिशीवरच काम होते.

१६. मी हिजाब घालते. जर्मनीत ड्यूटीवर चालेल का?

अनेक रुग्णालयांत चालतो आणि काही ठिकाणी गणवेशाच्या रंगाचा, रोज धुता येणारा स्कार्फ देतातही. परंतु जर्मनीतील बरीच रुग्णालये चर्चशी संलग्न संस्थांची आहेत आणि तेथील सर्वोच्च कामगार न्यायालयाने २०१४ मध्ये अशा संस्थेला स्कार्फ न घालण्याची अपेक्षा ठेवता येऊ शकते, असा निर्णय दिला आहे. म्हणून करारावर सही करण्यापूर्वीच लेखी विचारावे. बाह्यांबाबत मात्र पर्याय नाही. हातांच्या स्वच्छतेसाठी कोपराखालचा भाग उघडा ठेवणे इंग्लंड व जर्मनी दोन्हीकडे अपेक्षित असते.

१७. मी एकुलता एक आहे. पुढे आई-वडिलांना तिकडे नेता येईल का?

१ मार्च २०२४ पासून जर्मनीत एक नवी तरतूद आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर ज्यांना कुशल कर्मचारी म्हणून पहिला निवास परवाना मिळाला, त्यांच्या आई-वडिलांना परवाना देता येतो. मात्र त्यांचा पूर्ण खर्च आणि आरोग्यविम्याची सोय दाखवावी लागते. वयस्कर व्यक्तीचा तेथील विमा मिळवणे हीच खरी अडचण असून तो महाग असतो. ज्यांचे आई-वडील गाव सोडायलाच तयार नाहीत, त्यांनी दरवर्षीच्या रजेचे आणि गावी लक्ष ठेवणाऱ्या माणसाचे नियोजन आधी करावे.

१८. माझे वय ४३ आहे, सरकारी सेवेत स्टाफ नर्स आहे. आता उशीर झाला का?

उशीर झालेला नाही, पण दिनदर्शिका समोर ठेवावी लागेल. जर्मनीत वयाची ४५ वर्षे पूर्ण झाल्यावर कुशल कर्मचारी म्हणून पहिल्यांदा परवाना मागणाऱ्याला एक तर ठरावीक किमान वार्षिक पगार (२०२५ मध्ये ५३,१३० युरो) किंवा म्हातारपणासाठी पुरेशी निवृत्तिसोय दाखवावी लागते. पगाराचा हा आकडा दरवर्षी बदलतो आणि नव्याने येणाऱ्या नर्सला तो गाठणे कठीण असते. प्रश्न ७ व ९ मधील भाषा व मान्यतेचा काळ जोडला, तर ४३ व्या वर्षी सुरुवात करणाऱ्याच्या हाती मोकळा वेळ जवळपास उरत नाही. म्हणून भाषा आणि ट्रान्सक्रिप्ट ही दोन्ही कामे एकाच वेळी सुरू करावीत. सरकारी कर्मचाऱ्यांनी पासपोर्ट व अर्जासाठी कार्यालयाची रीतसर परवानगी घ्यावी. राजीनामा मात्र करार आणि व्हिसा दोन्ही हाती आल्यावरच द्यावा, आणि त्याआधी आपल्या निवृत्तिवेतनाचा हिशेब आस्थापना शाखेतून लेखी मागून घ्यावा.